शजरा नको, दप्तर हवे

२०२५ च्या पावसाळ्यात आमचे फोन एकाएकी वाजू लागले. वक्फ कायद्यात दुरुस्ती झाली होती, ६ जूनला 'उमीद' पोर्टल सुरू झाले होते आणि वक्फ मालमत्तांचे तपशील सहा महिन्यांत त्यावर चढवा, असे सांगण्यात आले होते. त्या कायद्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, न्यायालयातही वाद झाला आहे. त्याची पुनरुक्ती इथे करीत नाही. आम्हाला सांगायचे आहे ते त्या फोनविषयी. रायगड जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या नि डोंगराआडच्या गावांतून जमातीची माणसे विचारीत होती, "तुम्ही जुने कागद गोळा करता ना? आमच्या मशिदीचा, कब्रस्तानचा एखादा दाखला तुमच्याकडे असेल तर बघा की!"

हीच मंडळी पूर्वी आम्ही दारात दिसलो की हसत असत. आम्ही चारपाच जण. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी बँकेतला कारकून. सुट्टीच्या दिवशी एसटीने गावोगाव जायचे, ओळखीच्या घरी चहा घ्यायचा आणि हळूच विचारायचे, "घरात काही जुनी कागदपत्रे आहेत का?" उत्तर ठरलेले असे. "होती, पण आता कुठे असतील कोण जाणे." काही मोहल्ल्यांत तर आमचे नावच पडले होते: रद्दीवाले.

अशाच एका गावी मुतवल्लींच्या घरात सागवानी पेटी होती. पितळी कड्यांची, दोन माणसांनी उचलावी एवढी. आत मोडीतली खते, निकाहाच्या जुन्या वह्या, फारसी शिक्क्याचे दोन-तीन कागद आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. "घर बांधायला काढतोय, ते झाले की निवांत बसू," असे म्हातारे चाचा म्हणाले. घर झाले. चाचा अल्लाला प्यारे झाले. पोर्टलच्या धावपळीत त्यांच्या मुलाचा फोन आला म्हणून आम्ही गेलो, तर पेटी दिवाणखान्यात शोभेला मांडलेली, पॉलिश केलेली. उघडली तर आत पाहुण्यांसाठीच्या चादरी. "कागद होते त्यात. वाळवी लागली होती, म्हणून भंगारवाल्याला दिले," मुलगा म्हणाला. मग खाली मान घालून म्हणाला, "आता तेच मागतायत."

पेटी जपली आणि कागद टाकले. आमच्या समाजाचे इतिहासाशी असलेले नाते याहून वेगळे नाही.

इतिहासात आमची दखल नाही, ही तक्रार आपण सतत करतो. सभांतून करतो, संमेलनांच्या ठरावांतून करतो, या वार्षिकाच्या पानांतूनही करीत आलो आहोत. तक्रार खोटी नाही. जिल्ह्याच्या इतिहासावरची कोणतीही लोकप्रिय पुस्तिका घ्या. लेण्यांवर दोन पाने, शिलाहारांवर एक, मग थेट सतरावे शतक. मधल्या आठशे वर्षांत मुसलमान एकदाच येतो, घोड्यावरून, हातात तलवार घेऊन; आणि मग सिद्दीच्या रूपाने जंजिऱ्यावर जाऊन बसतो. शेतात राबणारा, मचवा हाकणारा, तेल गाळणारा, बंदरावर हमाली करणारा मुसलमान त्या पुस्तिकेत नसतो. बहुतेक मजकूर १८८३ च्या कुलाबा-जंजिरा गॅझेटियरमधून आणि १९६४ च्या नव्या गॅझेटियरमधून उचललेला; चुकाही तिथल्याच. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला. त्या नावाचा मान आम्हालाही आहे. पण नाव बदलल्याने जिल्ह्याचा जन्म सतराव्या शतकात झाला, असे ठरत नाही.

मग त्याआधी इथे काय होते?

हिजरी ३०४, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास बगदादचा अल्‌-मसूदी सैमूर बंदरात उतरला. सैमूर म्हणजे आपले चौल, असे अभ्यासक मानतात. 'मुरूज अल्‌-जहब' या ग्रंथात त्याने लिहून ठेवले की इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद अशा ठिकाणांहून आलेले आहेत आणि इथेच जन्मलेलेही आहेत. इथे जन्मलेल्यांना 'बयासिरा' असे वेगळे नावही त्याने दिले आहे. त्यांचे आपापसातले तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे. तिथला राजा होता झंझ. हाच तो शिलाहार झंझ, ज्याने शिवाची बारा देवळे बांधल्याचे त्याच्या वंशजांचे ताम्रपट सांगतात. एकाच राजाच्या अमलात शिवालये उभी राहत होती आणि मुसलमानांचा न्यायनिवाडा मुसलमान करीत होता.

चौलपासून काही कोसांवर आक्षी आहे. तिथला केसिदेव शिलाहाराचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा वाचला गेला आहे आणि मराठीतला सर्वांत जुना शिलालेख म्हणून तो दाखवला जातो. हा शिलालेखही कैक वर्षे रस्त्याच्या कडेला ऊनपाऊस खात पडून होता. तेव्हा इतिहासाची हेळसांड करण्यात आम्ही एकटे नाही, हेही नमूद केले पाहिजे. मुद्दा असा की मराठी भाषा दगडावर उमटण्याआधी शंभरएक वर्षे तिच्या शेजारी मुसलमान वस्ती नांदत होती. त्या वस्तीतली इथे जन्मलेली मुले बाजारात, होडीत, विहिरीवर इथलीच बोली बोलत असणार, असे आम्ही समजतो.

याच कोकणपट्टीत आणखी उत्तरेला, आजच्या पालघर जिल्ह्यात डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला १९५५ मध्ये ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा. राष्ट्रकूटांच्या वतीने संयान मंडलाचा, म्हणजे संजाणच्या मुलखाचा कारभार पाहणारा अधिकारी त्यात येतो. त्याचे नाव मधुमती. मोहम्मदचे ते संस्कृत रूप. तो ताजिक, म्हणजे अरब होता, असे पट स्वच्छ सांगतो. त्याने लोकांना नदी उतरण्यासाठी मोफत नावा ठेवल्या, अन्नछत्र घातले, आणि भगवतीच्या मठिकेला जमीन दिली गेली ती त्याच्या संमतीने. दिनेशचंद्र सरकार यांनी हा ताम्रपट वाचून 'एपिग्राफिया इंडिका'त छापला. त्याला आता साठ-सत्तर वर्षे होतील. आपल्या किती मुलांना मधुमतीचे नाव ठाऊक आहे? किती मौलवींना, किती मास्तरांना?

इथपर्यंत वाचून वाचकांपैकी काहींची छाती फुगली असेल. नेमके त्याचेच आम्हाला भय वाटते. कारण असा कागद हाती लागला की आपण त्याचे दोनच उपयोग करतो.

पहिला उपयोग शजऱ्याचा. आम्ही अरबांचे, आमचे खानदान अमुक साहाबींपासूनचे, तमुक पिरांपासूनचे. घराघरांत भिंतीवर असे शजरे लटकतात. आता संगणकावर छापून, सोनेरी चौकटीत. त्यांत सातव्या शतकापासूनची नावे असतात आणि आजोबांच्या आईचे नाव नसते. शजऱ्यात बाई नसते. इथल्या मातीतली, इथल्याच जातींतून इस्लाममध्ये आलेली माणसे नसतात. ज्या दालदी मच्छीमारांशी आपण सोयरीक करायचे टाळले, ते नसतात. तेली, पिंजारी, घरकाम करणारे, हबशी गुलाम म्हणून आणलेले, यांपैकी कुणी नसते. मशिदीत एका सफेत उभे राहतो म्हणून आम्ही मिरवतो, आणि इतिहास लिहायला बसलो की जातीची उतरंड पुन्हा रचतो. मसूदीने पाहिलेल्या दहा हजारांत 'बयासिरा'ही होते; आमच्या शजऱ्यांतून तेवढे नाहीसे झाले!

दुसरा उपयोग दाखल्याचा. कुणी "तुम्ही कुठले?" विचारले की मधुमती पुढे करायचा. पाहा, आम्ही देवळालाही जमीन दिली. पाहा, आम्ही अकराशे वर्षे इथलेच. १९९२-९३ नंतर हे फार वाढले. त्यामागची जखम आम्ही जाणतो. आमच्यावरही ती आहे. पण इतिहास म्हणजे पोलिस पाटलाकडून घ्यायचा वर्तणुकीचा दाखला नव्हे. दाखल्यात चांगले तेवढेच लिहितात. गुलामांचा व्यापार, जंजिऱ्याच्या अमलातले जुलूम, आपसातले खून, कब्रस्तानावरून झालेली भांडणे त्यात कशी मावणार? आणि जो माणूस प्रश्नच वाकडा विचारतो, त्याचे समाधान ताम्रपटाने कधी झाले आहे?

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे: शजरा खाली उतरवा, दप्तर उघडा.

दप्तर म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. काझींच्या घरची निकाहाची वही. तिच्यात वधूचे नाव आहे, तिच्या बापाचे गाव आहे, महेर किती नि कोणत्या नाण्यात ते आहे, वकील आणि गवाह कोण ते आहे. शजऱ्याने वगळलेल्या बाईला या वहीने जागा दिली आहे. जमिनीचे खरेदीखत, गहाणखत. आमच्या पाहण्यातल्या एका मोडी खतावर साक्षीदार म्हणून एक मुसलमान, एक आगरी आणि एक शनवार तेली अशा तिघांच्या निशाण्या आहेत; दोन ओळींत गावची सगळी समाजरचना सापडते. कोतवालाच्या बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. बोटीवरच्या नोकरीची जुनी पुस्तके, ज्यांवर खलाशाचा फोटो, अंगावरच्या खुणा आणि बोटींची नावे आहेत. आफ्रिकेतून, पुढे आखातातून आलेली पत्रे. दादी-खालांच्या तोंडी असलेली लग्नातली गाणी, जी कोकणी बोलीत आहेत आणि म्हणून आपल्याला छापायच्या लायकीची वाटत नाहीत. कबरींवरचे दगड. मशिदीच्या दारावरचा लेख.

त्या लेखांची गोष्ट तर काळीज फाडणारी. एका मशिदीतला दगड आम्ही पहिल्यांदा पाहिला तेव्हा अक्षरे वाचता येत होती. दुसऱ्यांदा गेलो तर त्यावर हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात. तिसऱ्यांदा गेलो तर मशीद नवी, भिंतींना छतापर्यंत टाइल्स, आणि दगड पायात भरलेला. मशीद मोठी व्हायला हवी होती, नमाजी वाढले होते, हे मान्य. दगड वेगळा काढून दर्शनी भिंतीत बसवायला किती खर्च आला असता? नव्या झुंबराच्या एका दिव्याएवढाही नाही. पण वर्गणीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी मात्र बसली, तीही तीन भाषांत.

शेजाऱ्यांकडे पाहू. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली आणि बावीस खंड काढले. गावोगाव पायपीट, वाड्यांच्या माळ्यांवरची रुमाले, उंदरांनी कुरतडलेली बाडे. पैसा नव्हता, सरकार पाठीशी नव्हते. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. उत्तर कोकणची 'महिकावतीची बखर' १९२४ मध्ये राजवाड्यांनीच छापली. त्यांची सगळी मते आम्हाला पटतात असे नाही, पण त्यांनी आधी कागद छापला आणि मग मत मांडले. कागद समोर असल्यामुळेच आज त्यांच्याशी भांडता येते. फारसी साधने मराठीत कुणी आणली? ग. ह. खरे यांनी, सेतुमाधवराव पगडी यांनी. उर्दूचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या, मदरशात फारसी शिकलेल्या आपल्यातल्या किती जणांनी त्यांच्या जोडीला बसून दोन कागद वाचले? शां. वि. आवळसकरांनी 'आंग्रेकालीन अष्टागर' लिहिले. त्या अष्टागरातल्या मोहल्ल्यांविषयी आपल्यापैकी कुणी लिहायला नको होते काय?

आणि हे बहुसंख्याकांचे काम म्हणून सोडून देऊ नका. याच जिल्ह्यातले बेने इस्राएल पाहा. संख्येने आपल्यापेक्षा किती तरी कमी. नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांची बोट फुटली, ही त्यांची परंपरा. किहीमवरून आडनाव घेतलेल्या हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ पर्यंत लिहून पुरा केला. रीती, सण, खाणे, आडनावे, गावे, घाण्यावरचा धंदा, सगळे टिपले. ते हस्तलिखित चाळीस वर्षे छपाईविना राहिले. केहिमकर वारले, पण घरच्यांनी ते कुणा भंगारवाल्याला दिले नाही. १९३७ मध्ये ते तेल अवीवला छापले गेले. पुढे बहुतेक बेने इस्राएल जिल्हा सोडून गेले, तरी त्यांचा इतिहास उरला. आम्ही जिल्ह्यातच आहोत आणि आमचा कागद उरत नाही.

आमच्या म्हणण्यावर जे आक्षेप घेतले जातात ते आम्हाला ठाऊक आहेत.

पहिला: पोरांना शाळा-कॉलेज, नोकऱ्या नाहीत आणि तुम्ही कागद घेऊन बसलात. ठीक. महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या दाखल्याची पडताळणी होते तेव्हा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आपल्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' असते. मग जुने खत, कोतवाल बुकातली नोंद, कुठल्या तरी कागदावरचा धंद्याचा उल्लेख शोधत पोरगा तहसिलीच्या पायऱ्या झिजवतो. नोकरीचा आणि कागदाचा संबंध नाही, असे कोण म्हणतो? २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. मराठवाड्यात निजामकाळातली उर्दू दप्तरे चाळावी लागली. कागदाची किंमत सगळ्यांना कळली आहे, एक आपल्याला सोडून. आपल्याला ती मुदत संपत आली की कळते.

दुसरा: कागद बाहेर काढले तर भाऊबंदकी उकरली जाईल, दर्ग्याच्या व्यवस्थेचे वाद उठतील. ही भीती खरी आहे, तिला आम्ही हसणार नाही. ज्या कागदावर आज दावा चालू आहे तो छापू नका, पण नक्कल करून ठेवा. जिवंत माणसांच्या घरगुती गोष्टी त्यांच्या संमतीशिवाय बाहेर जाऊ नयेत. पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची खते कुणाच्या अब्रूवर घाला घालणार आहेत? लपवलेल्या कागदाने भांडण मिटत नाही; जो जास्त ओरडतो त्याचे म्हणणे खरे ठरते, एवढेच होते.

तिसरा: पैसा. मदरशाच्या, संस्थेच्या वर्धापनदिनी स्मरणिका निघतात. गुळगुळीत कागद, अध्यक्षांचे रंगीत छायाचित्र, मग आमदारांचे, मग जाहिरातींची सत्तर पाने, आणि 'आमच्या गावाचा इतिहास' या नावाखाली दीड पान, गॅझेटियरमधून उतरवलेले. त्याच पैशात गावचे शंभर कागद छापून होतील. तीनशे प्रती पुरेत. निम्म्या गावात, बाकीच्या ग्रंथालयांत.

छापायचे कसे, तेही अवघड नाही. मूळ कागदाचे छायाचित्र. त्याखाली मोडी वा फारसी मजकूर देवनागरीत जसाच्या तसा. मग सोप्या मराठीत अर्थ. कागद कुठल्या घरी, केव्हा पाहिला, किती फाटका आहे, कोणते शब्द लागले नाहीत, हे लिहावे. जे लागले नाही ते मनाने भरू नये. गैरसोयीचे वाक्य गाळू नये. मूळ कागद मालकाला परत द्यावा, छायाचित्रे तीन ठिकाणी ठेवावीत. आणि हे मराठीत व्हावे. उर्दूत केले तर जिल्ह्यातल्या शेजाऱ्याला कळणार नाही, इंग्रजीत केले तर आपल्याच घरच्यांना.

आता थोडे आमच्याकडे, म्हणजे या वार्षिकाच्या लेखक-वाचकांकडे वळतो. मुस्लिम मराठी साहित्याने आपली वेगळी जागा मागितली आणि मिळवली. कविता आल्या, कथा आल्या, तलाकवर, दंगलीवर, दारिद्र्यावर आल्या. अस्मितेवरचे लेख तर किती आले. ते लिहायलाच हवे होते. पण इतक्या पानांत एखाद्या गावचे एक खत, एक निकाहाची नोंद, एका कबरीचा लेख आम्ही कितीदा छापला? स्वतःला मराठी मुसलमान म्हणवणाऱ्यांनी ते कसे घडले याचा कागद शोधायचे कष्ट घेतले नाहीत. अस्मितेवर भाषण करायला पेटी उघडावी लागत नाही. या दोषात आम्हीही आहोत. चाचांच्या घरी दुसऱ्याच रविवारी परत गेलो असतो, तर त्या वह्यांची छायाचित्रे तरी आज असती.

तेव्हा संपादकांना आमची मागणी आहे: दरवर्षी सोळा पाने कागदांसाठी राखून ठेवा. त्या पानांवर लेखकाचे नाव बारीक आणि गावाचे नाव मोठे असू द्या. वाचकांना विनंती आहे: येत्या ईदला गावी जाल तेव्हा शिरखुर्मा झाल्यावर माळ्यावर चढा. घरातल्या सर्वांत वयस्क बाईजवळ बसा, तिच्या आजीचे नाव विचारा, माहेर विचारा आणि लिहून घ्या. मशिदीच्या जीर्णोद्धाराची बैठक असेल तर उभे राहून एकच प्रश्न करा: दारावरच्या दगडाचे काय करणार? लोक हसतील. आम्हाला हसले होते तसेच.

ती सागवानी पेटी अजून त्या दिवाणखान्यात आहे. निघताना आम्ही मुलाला विचारले, "वडिलांची काही कागदपत्रे राहिली असतील का?" तो आत गेला आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. तीत वडिलांचे बोटीवरच्या नोकरीचे पुस्तक होते, आईच्या निकाहाचा कागद होता आणि आखातातून घरी लिहिलेली अठरा पत्रे. "हीसुद्धा चालतात?" त्याने विचारले. चालतात. आम्ही तिथेच जमिनीवर बसून त्यांची छायाचित्रे काढली आणि पिशवी त्याच्या हातात परत दिली. यावेळी त्याने ती पेटीत ठेवली, चादरी बाहेर काढून.